‘चायनीज डेमोक्रसी’: गन्स अँड रोझेसच्या सर्वांत लांबलेल्या अल्बमबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेसचा कार्यक्रम झाला आणि तेव्हापासून माझ्याकडे येणारे प्रश्न एकदम वाढले. विचारणारे दोन प्रकारचे आहेत. काही जण हा अल्बम निघाला तेव्हा बालवाडीत होते. काही माझ्या वयाचे, ज्यांनी तो २००८ मध्ये दोनदा ऐकून कपाटात ठेवला आणि पुन्हा हात लावला नाही. दोघांचेही प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. हव्या त्या प्रश्नापासून वाचा. दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे क्रमांक दिला आहे.

१. हा अल्बम नेमका कोणता? त्याला पुनरागमनाचा अल्बम का म्हणतात?

गन्स अँड रोझेस हा लॉस एंजेलिसचा बँड. १९८७ मध्ये त्यांचा ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ आला आणि जगभर पोहोचला. १७ सप्टेंबर १९९१ रोजी ‘युज युवर इल्यूजन’चे दोन भाग एकाच दिवशी निघाले आणि अमेरिकेच्या खपाच्या यादीत पहिले दोन्ही क्रमांक त्यांनीच घेतले. १९९३ मध्ये इतरांची गाणी नव्याने म्हटलेला एक अल्बम आला आणि त्यानंतर नव्या गाण्यांच्या नावाने शुकशुकाट.

‘चायनीज डेमोक्रसी’ आला २३ नोव्हेंबर २००८ रोजी. १४ गाणी, सुमारे ७१ मिनिटं. तोवर मूळ पाच जणांपैकी एकटा गायक अ‍ॅक्सल रोझ उरला होता. ‘इल्यूजन’वर वाजवलेल्यांपैकी कीबोर्डवाला डिझी रीड तेवढा सोबत होता. म्हणजे परत आलं ते बँडचं नाव आणि त्याचा आवाज. बाकी माणसं नवीन होती. चाहत्यांच्या निराशेची निम्मी गोष्ट इथेच आहे. उरलेली प्रश्न ७ मध्ये.

२. कुणी १० वर्षं म्हणतं, कुणी १५, कुणी १७. खरा आकडा कोणता?

तिन्ही बरोबर आहेत, मोजायला सुरुवात कुठून करता त्यावर आहे. स्वतःच्या गाण्यांच्या मागच्या अल्बमपासून मोजलं तर १९९१ ते २००८, म्हणजे १७ वर्षं. मागच्या कोणत्याही स्टुडिओ अल्बमपासून मोजलं तर बरोबर १५, दिवसासकट, कारण तो इतरांच्या गाण्यांचा अल्बमही २३ नोव्हेंबरलाच निघाला होता, १९९३ मध्ये. आणि नव्या लोकांना घेऊन स्टुडिओत गंभीरपणे काम सुरू झालं तिथून मोजलं तर साधारण १० वर्षं.

माझ्यासारख्यांची मोजणी वेगळी आहे. दादरला आमच्या चाळीत केबल आली तेव्हा मी आठवीत होतो. ‘इल्यूजन’ची पिवळी आणि निळी कॅसेट मी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून दोन वेगवेगळ्या महिन्यांत घेतली, कारण एकदम दोन घेण्याइतके पैसे नसायचे. पुढचा अल्बम हातात आला तेव्हा मुलीचं बारसं होऊन गेलं होतं.

३. स्लॅश, डफ, इझी का गेले?

थोडक्यात सांगतो, कारण यावर बरंच लिहून झालं आहे. ड्रमर स्टीव्हन अ‍ॅडलरला १९९० मध्ये व्यसनापायी काढलं गेलं. गिटार वाजवणारा इझी स्ट्रॅडलिन नोव्हेंबर १९९१ मध्ये स्वतःहून निघाला. मुख्य गिटारवादक स्लॅश ऑक्टोबर १९९६ मध्ये गेला आणि बास वाजवणारा डफ मॅकेगन १९९७ मध्ये. अ‍ॅडलरच्या जागी आलेला मॅट सोरम त्याच वर्षी बाहेर पडला. बँडच्या नावाचे हक्क अ‍ॅक्सलकडे राहिले, म्हणून नाव तेच चाललं.

इझीचं जाणं लोक विसरतात. ‘अ‍ॅपेटाइट’मधली सैलसर, रस्त्यावरची चाल बरीचशी त्याची होती. ‘चायनीज डेमोक्रसी’त मला सगळ्यांत जास्त उणीव भासते ती त्याची, स्लॅशचीही त्यानंतर.

४. एवढी वर्षं स्टुडिओत चाललं होतं तरी काय?

काम चालू होतं, आणि अडचण तीच होती. कोणतंही गाणं ‘झालं’ असं कुणी म्हणतच नव्हतं.

निर्माते बदलत गेले. यूथ नावाचा एक जण आला आणि गेला. शॉन बीव्हन आला, बरीच गाणी उभी राहिली, तोही गेला. मग क्वीन या ब्रिटिश बँडबरोबर काम केलेले रॉय थॉमस बेकर आले आणि त्यांच्या काळात आधीचं बरंच काम पुन्हा नव्याने वाजवून घेतलं गेलं. अखेर अल्बमवर निर्माते म्हणून नावं लागली ती अ‍ॅक्सल आणि कॅराम कोस्टान्झो यांची.

वादक तर निर्मात्यांहून जास्त बदलले. नाइन इंच नेल्स या बँडचा गिटारवादक रॉबिन फिंक आला, गेला, परत आला. डोक्यावर चिकनची बादली आणि तोंडावर पांढरा मुखवटा घालून वाजवणारा बकेटहेड आला. स्टुडिओत त्याच्यासाठी कोंबड्यांचं खुराडं बांधून दिलं होतं, त्यात बसून तो वाजवायचा. मार्च २००४ मध्ये तो सोडून गेला आणि त्याच्यानंतर बंबलफूट आला. प्रत्येक नवा गिटारवादक जुन्याच्या वाजवण्यावर आपला थर चढवत गेला. जुने थर पुसले मात्र गेले नाहीत.

एकच उदाहरण जवळून पाहा. जॉश फ्रीझने ड्रम्स वाजवून झाले होते आणि तो बँड सोडून गेला. त्याच्या जागी ब्रायन मँटिया आला, ज्याला सगळे ब्रेन म्हणतात. अ‍ॅक्सलला फ्रीझचं वाजवणं आवडत होतं, पण हात ब्रेनचा हवा होता. म्हणून फ्रीझचा ठोका न् ठोका कागदावर नोटेशनमध्ये उतरवून घेतला गेला आणि ब्रेनने तो कागद पुढ्यात ठेवून तेच पुन्हा वाजवलं. एका माणसाची लय दुसऱ्या माणसाच्या हातून! हे समजल्यावर मी अल्बम पुन्हा लावला तेव्हा ड्रम्समधला तो आखडलेपणा मला पहिल्यांदा ओळखता आला.

५. हा जगातला सर्वांत महागडा रॉक अल्बम आहे हे खरं का?

मार्च २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने एक सविस्तर लेख छापला. तोवरचा खर्च किमान १ कोटी ३० लाख डॉलर झाल्याचं त्यात म्हटलं होतं. तेव्हा अल्बम निघायला अजून साडेतीन वर्षं होती. सगळीकडे फिरणारा आकडा हाच, आणि तो वर्तमानपत्राने काढलेला आहे, कंपनीच्या ताळेबंदातला नव्हे. त्यामुळे ‘महागड्यांपैकी एक’ म्हणायला हरकत नाही, ‘सर्वांत महागडा’ हे जपून म्हणावं.

त्याच लेखातली दुसरी एक गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. काम पुढे सरकावं म्हणून गेफेन या रेकॉर्ड कंपनीने १९९८ मध्ये अ‍ॅक्सलला १० लाख डॉलर दिले आणि पुढच्या मार्चपर्यंत अल्बम हाती दिला तर आणखी १० लाख कबूल केले. दुसरे १० लाख घेण्याची वेळ आलीच नाही. पैशाच्या आमिषाने त्याच्याकडून काम काढून घेता आलं नसतं, हे यातून कळतं. त्याला अल्बम त्याच्या मनासारखाच हवा होता. या हट्टाबद्दल मला राग आहे आणि आदरही आहे.

६. गाणी आधीच फुटली होती ना? मग २००८ मध्ये नवीन काय होतं?

फार थोडं, आणि पहिल्या ऐकण्याची मजा गेली ती यामुळे. अल्बमचं शीर्षकगीत १ जानेवारी २००१ रोजी लास व्हेगासच्या हाऊस ऑफ ब्लूजमध्ये लोकांसमोर वाजलं. त्याच महिन्यात रिओच्या प्रचंड मैदानात ‘मॅडागास्कर’ वाजलं. पुढे ‘स्ट्रीट ऑफ ड्रीम्स’ या नावाने आलेलं गाणं तेव्हा ‘द ब्लूज’ म्हणून वाजत होतं. ऑगस्ट २००२ मध्ये एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात बँड अचानक मंचावर आला आणि तिथेही ‘मॅडागास्कर’ झालं. मग २००३ मध्ये ‘आय.आर.एस.’ रेडिओवर फुटलं, २००६ मध्ये आणखी डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची ध्वनिमुद्रणं, बाहेर आले आणि जून २००८ मध्ये जवळजवळ तयार झालेली नऊ गाणी एकदम इंटरनेटवर आली. ती टाकणाऱ्याला एफबीआयने अटक केली. पुढे त्याला एक वर्ष प्रोबेशन आणि दोन महिने घरात स्थानबद्धता अशी शिक्षा झाली.

रिओची ती ध्वनिफीत मला एका मित्राने सीडीवर जाळून दिली होती. वर मार्करने ‘GNR’ऐवजी मराठीत ‘गन’ एवढंच लिहिलेलं. कुणीतरी गर्दीतून रेकॉर्ड केलेली, मधूनच शिट्ट्या, आवाज फाटलेला. पण त्या फाटक्या आवाजात ‘मॅडागास्कर’ सुरू झालं की अंगावर काटा यायचा. सात वर्षांनी तेच गाणं स्वच्छ, चकचकीत होऊन आलं आणि माझा काटा काही आला नाही. लीक ऐकणाऱ्यांनी स्वतःची मजा घालवली, असं काही जण मला लिहितात. मला ते पटत नाही. तहानलेल्या माणसाने वाटेतल्या ओंजळभर पाण्याला नाही म्हणायचं का?

७. मग चाहत्यांची निराशा नेमकी कशाची होती?

हाच प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आपण ज्यांची वाट पाहत होतो ते येणारच नव्हते. मनात होते ते १९९१ चे पाच-सहा जण. जाहीर झालेली नावं वेगळी होती, आपण ती वाचली होती, तरी मनाने नोंद घेतली नाही. सीडी लावल्यावर पहिल्या मिनिटात कळलं की गिटारवर तो माणूस नाही. नाव तेच राहिल्यामुळे फसवणूक झाल्यासारखं वाटलं. हाच अल्बम ‘अ‍ॅक्सल रोझ’ या एकट्याच्या नावावर आला असता तर निम्मी नाराजी तिथेच मिटली असती, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट आवाजाची. या अल्बमचा पाया १९९८-९९ मध्ये घातला गेला. तेव्हा यंत्रांचे ठोके, इंडस्ट्रियल पद्धतीची कर्कश गिटार, गाण्याच्या पोटात पेरलेले दुसरीकडचे आवाजांचे तुकडे हे सगळं ताजं होतं. ‘शॅक्लर्स रिव्हेंज’ १९९९ मध्ये आलं असतं तर लोकांनी पुढे सरसावून ऐकलं असतं. २००८ मध्ये त्याला आधीच जुनेपणाचा वास येत होता. बरं, ते ‘अ‍ॅपेटाइट’सारखं मुरलेलं जुनंही नव्हतं.

तिसरी गोष्ट कमी बोलली जाते आणि मला तीच सर्वांत खरी वाटते. १५ वर्षांत ऐकणारा बदलतो. ‘अ‍ॅपेटाइट’ मला आवडला तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो, घरात कुणी ऐकून घेत नव्हतं आणि तो आवाज माझ्या वतीने ओरडत होता. ३०-३२ व्या वर्षी तसं ओरडून घेण्याची गरज उरली नव्हती. अल्बमने ती जुनी अवस्था परत आणून द्यावी ही अपेक्षा होती आणि ती कोणताच अल्बम पुरी करू शकला नसता. याचा दोष मी अ‍ॅक्सलला देत नाही. पण निराशा खोटी होती असंही म्हणणार नाही. जीव लावला होता म्हणूनच ती झाली.

मुंबईकरांसाठी त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली आहे. अल्बम आला तो आठवडा २६/११ चा होता. माझी सीडी महिनाभर प्लास्टिकच्या वेष्टनातच राहिली. पुढे उघडली तेव्हा रस्त्यांवर पोलिसांचे अडथळे होते, सीएसटीवरून रोज जाताना पोटात गोळा यायचा आणि नव्या गिटार सोलोबद्दल कुणाशी हौसेने बोलावं असे ते दिवस नव्हते. मला हा अल्बम कायम थोडा करड्या रंगाचाच ऐकू येतो, यात त्या डिसेंबरचा वाटा आहे.

८. सरळ सांगा, अल्बम वाईट आहे का?

नाही. मनापासून सांगतो, नाही.

‘बेटर’ हे उत्तम रॉक गाणं आहे. सुरुवातीचा तो नाजूक, उंच स्वरातला तुकडा आणि मग कोसळणारा रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा. ‘देअर वॉज अ टाइम’ तर बँडच्या कोणत्याही काळातल्या मोठ्या गाण्यांशेजारी बसवावं असं. त्याच्या शेवटी बकेटहेडचा जो सोलो आहे, तो संपू नये असं वाटतं. ‘धिस आय लव्ह’ पियानोवरचं दुःखाचं गाणं आहे. अ‍ॅक्सलने ते १९९३ च्या सुमारास लिहिलं होतं, म्हणजे अल्बममधलं सर्वांत जुनं. त्यात रॉबिन फिंकची गिटार जे बोलते त्याला शब्दांची गरजच नाही. ‘स्ट्रीट ऑफ ड्रीम्स’ही चांगलं आहे.

कमी पडतात ती ‘स्क्रेप्ड’, ‘रियाड अँड द बेदुइन्स’ आणि माझ्या मते ‘सॉरी’. ‘मॅडागास्कर’मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण आणि चित्रपटांतले संवाद मधोमध घातले आहेत, ते गाण्याला जड होतात. आणि जवळजवळ प्रत्येक गाण्यात एक गोष्ट जास्त आहे: आणखी एक गिटार, आणखी एक व्हायोलिनचा पडदा, आणखी एक कोरस. आमची आजी म्हणायची तसं, भाजीत हात फार फिरला. (कारण प्रश्न ४ मध्ये.) तरीही अ‍ॅक्सलचा आवाज, खालच्या खर्जापासून वरच्या किंकाळीपर्यंत, इथे पूर्ण ताकदीचा आहे.

त्यावेळच्या समीक्षकांतही एकमत नव्हतं. रोलिंग स्टोन मासिकाने पाचपैकी चार तारे दिले होते.

९. अल्बम आपटला म्हणतात, ते खरं का?

आकडे पाहा. अमेरिकेत पहिल्या आठवड्यात सुमारे २ लाख ६१ हजार प्रती विकल्या गेल्या आणि तो यादीत तिसरा आला. ब्रिटनमध्ये दुसरा. अमेरिकेत त्याला दहा लाख प्रतींचं प्लॅटिनम प्रमाणपत्रही मिळालं. कोणत्याही नव्या बँडने या आकड्यांवर पेढे वाटले असते.

पण तुलना होणार ती १९९१ शी. तेव्हा ‘इल्यूजन’चा दुसरा भाग एका आठवड्यात सुमारे ७ लाख ७० हजार खपला होता आणि पहिला ६ लाख ८५ हजार. शिवाय अमेरिकेत हा अल्बम सुरुवातीला बेस्ट बाय या एकाच दुकानसाखळीकडे होता आणि त्यांनी १३ लाख प्रती आधीच उचलल्याच्या बातम्या होत्या. पुढे त्यातल्या उरलेल्या प्रती पडेल भावात निघाल्या. म्हणून आपटला म्हणणं चूक, आणि अपेक्षेइतका चालला म्हणणंही चूक.

१०. शीतपेय फुकट वाटण्याचा काय किस्सा होता?

मार्च २००८ मध्ये डॉक्टर पेपर या शीतपेय कंपनीने जाहीर केलं की अल्बम या वर्षात निघाला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट. स्लॅश आणि बकेटहेड तेवढे सोडून. अल्बम खरंच निघाला. त्या दिवशी कूपन घ्यायला एवढी गर्दी झाली की कंपनीचं संकेतस्थळ कोलमडलं. अ‍ॅक्सलच्या वकिलांनी कंपनीला माफी मागायला सांगणारं पत्र पाठवलं. वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या लोकांना मात्र त्या आठवड्यात गाण्यांपेक्षा कॅनच्या बातम्या जास्त वाचाव्या लागल्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

११. एवढ्या वर्षांनी अल्बम आला आणि अ‍ॅक्सल गप्प का होता?

अल्बम बाजारात आला तेव्हा ना मुलाखतींची फेरी होती, ना दौरा, ना दूरदर्शनवर कुठे सादरीकरण. ‘नोव्हेंबर रेन’चा व्हिडिओ ज्यांनी केला त्या बँडने या अल्बममधल्या एकाही गाण्याचा व्हिडिओ रीतसर दाखवला नाही. दौरा सुरू झाला तो डिसेंबर २००९ मध्ये, म्हणजे वर्षभराने. गेफेन कंपनीशी अ‍ॅक्सलचं पूर्वीपासून बिनसलेलं होतं. मार्च २००४ मध्ये तिने बँडच्या मनाविरुद्ध निवडक गाण्यांचा संग्रह काढला होता आणि तो प्रचंड खपला होता.

कारण काहीही असो, चाहत्यांना हे लागलं. पंगत बसली, पान वाढलं आणि यजमान बाहेरच आला नाही, असं झालं.

१२. चीनमध्ये बंदी आली होती का? आणि मुखपृष्ठावरची सायकल कुठली?

चीनमध्ये अल्बमची अधिकृत विक्री झाली नाही आणि ‘ग्लोबल टाइम्स’ या सरकारी वर्तमानपत्राने त्याच्यावर कडक टीका केली. शीर्षक हे एक कारण होतंच, शीर्षकगीतात चीनमध्ये बंदी असलेल्या फालुन गाँग पंथाचा उल्लेख आहे हे दुसरं. बाकी गाण्यांचा चीनशी फारसा संबंध नाही.

भिंतीला टेकवलेली, पुढे मोठी टोपली असलेली ती सायकल हाँगकाँगच्या काउलून वॉल्ड सिटीतली आहे. ती दाट वस्ती १९९३-९४ मध्ये पाडली गेली.

१३. क्वीनच्या ब्रायन मे यांनी यात वाजवलं आहे असं ऐकलं. मला तर ऐकू येत नाही!

तुमचे कान बरोबर आहेत. ब्रायन मे यांनी १९९९ मध्ये ‘कॅचर इन द राय’साठी सोलो वाजवला होता आणि तो फुटलेल्या डेमोमध्ये ऐकू येतो. अंतिम अल्बममध्ये तो काढला गेला. मला स्वतःला डेमोच जास्त आवडतो. क्वीन हा अ‍ॅक्सलच्या फार जिव्हाळ्याचा बँड, आणि तरीही हे घडलं.

१४. २०१२ आणि २०२५ या दोन्ही मुंबई कार्यक्रमांत ‘खरा’ बँड कोणता?

मी दोन्हींना होतो, म्हणून हा प्रश्न मला आवडतो.

९ डिसेंबर २०१२ रोजी बीकेसीतल्या एमएमआरडीए मैदानावर आठ जण मंचावर होते आणि त्यांतल्या सात जणांनी ‘चायनीज डेमोक्रसी’वर वाजवलेलं आहे: अ‍ॅक्सल, डिझी रीड, टॉमी स्टिन्सन, रिचर्ड फोर्टस, बंबलफूट, ख्रिस पिटमन, फ्रँक फेरर. आठवा डीजे अश्बा नंतर आलेला. म्हणजे या अल्बमपुरतं बोलायचं तर खरा बँड मुंबईत तेव्हा येऊन गेला. आणि माझ्या पुढे उभी असलेली पोरं स्लॅशसारखी उंच टोपी घालून आली होती. मंचावरचे लोक जीव तोडून वाजवत होते आणि अर्ध्या मैदानाच्या डोळ्यांत दुसराच माणूस होता. मीही त्यांच्यातलाच. आज त्याची खंत वाटते.

१७ मे २०२५ रोजी महालक्ष्मीला स्लॅश आणि डफ आले. त्या मंचावर ‘चायनीज डेमोक्रसी’चे तिघेच होते: अ‍ॅक्सल, डिझी आणि फोर्टस. मैदान मात्र तृप्त होऊन घरी गेलं.

१५. स्लॅश परतल्यावर बँडने जी नवी गाणी काढली, ती खरंच नवी आहेत का?

पूर्णपणे नाहीत, आणि इथे बरेच जण गोंधळतात. २०१२ मध्ये पुनर्मीलनाबद्दल विचारल्यावर अ‍ॅक्सल ‘या जन्मी तरी नाही’ अशा अर्थाचं बोलला होता. २०१६ मध्ये स्लॅश आणि डफ परत आले आणि दौऱ्याला नेमकं तेच नाव दिलं गेलं. त्या दौऱ्याने २०१९ पर्यंत ५८ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. मग २०२१ मध्ये ‘अ‍ॅब्सर्ड’ आणि ‘हार्ड स्कूल’ आली, २०२३ मध्ये ‘परहॅप्स’ आणि ‘द जनरल’. यांची मुळं ‘चायनीज डेमोक्रसी’च्या त्याच लांबलेल्या काळात आहेत. ‘अ‍ॅब्सर्ड’ तर २००१ मध्ये ‘सिल्कवर्म्स’ नावाने लोकांसमोर वाजलं होतं. स्लॅश आणि डफने त्यावर नव्याने वाजवलं.

२००८ चा अल्बम ‘आपल्या बँडचा नाही’ म्हणून ज्यांनी नाकारला, तेच लोक आज त्याच कोठारातलं धान्य आवडीने खात आहेत.

१६. आता पहिल्यांदा ऐकायचा आहे. कुठून सुरुवात करू?

सलग ऐकू नका. पहिली दोन गाणी सर्वांत कर्कश आहेत आणि तिथेच लोक थांबतात. ‘बेटर’, मग ‘स्ट्रीट ऑफ ड्रीम्स’, मग ‘देअर वॉज अ टाइम’, मग ‘धिस आय लव्ह’. ही चार आवडली तर ‘प्रॉस्टिट्यूट’.

मोबाइलच्या स्पीकरवर तर मुळीच ऐकू नका. २००८ च्या आसपास बहुतेक रॉक अल्बम जास्तीत जास्त मोठ्या आवाजात दाबून काढले जायचे. हा अल्बम मास्टर करणाऱ्या, म्हणजे त्याला शेवटचा आवाज देणाऱ्या, बॉब लुडविग यांनी तीन प्रकार पुढे ठेवले होते आणि अ‍ॅक्सल-कॅरामने सर्वांत कमी दाबलेला निवडला. म्हणून तो इतरांच्या तुलनेत हळू वाजतो. आवाजाचं बटण दोन घरं पुढे न्या. ‘प्रॉस्टिट्यूट’ संपत आल्यावर गाणं थांबतं आणि वाद्यवृंदाचा एक शांत तुकडा सुरू होतो, बराच वेळ चालतो. गाणं संपलं समजून मी तो पहिल्या दोन खेपेला बंद केला होता. तुम्ही तो शेवटपर्यंत ऐका.